संगणकाची झोप आणि घरातली वीज

घरचा संगणक रात्री दोन वाजता आपोआप सुरू होतो. दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहतो, टीव्ही चालतो, संगणक मात्र त्याच क्षणी बसतो. झोपवून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप बाहेर काढावा तर तो तापलेला आणि बॅटरी तळाला गेलेली. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या काउंटरशी थोडा वेळ उभे राहिले की अशा तक्रारी कानावर पडतात. उपायही बहुधा ठरलेले असतात. एसएमपीएस बदला, विंडोज नवीन टाका, बॅटरी बदला. कधी यातले काही लागू पडते. पुष्कळदा पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते, कारण बिघाड एकाच सुट्या भागात शोधला जातो. विजेच्या तक्रारी बऱ्याचदा दोन भागांमधल्या देवघेवीत असतात. पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, त्यावरचा बायोस, विंडोज, एकेका उपकरणाचा ड्रायव्हर आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीतली वायरिंग, असे पाचसहा पक्ष या व्यवहारात असतात. प्रत्येकाचा दुसऱ्याबद्दल काहीएक समज असतो. तो समज चुकला की संगणक रुसतो, आणि त्यात एकही भाग जळलेला नसतो.

एके काळी ही देवघेव जवळजवळ नव्हतीच. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत २३० व्होल्टची जाड केबल आलेली असे आणि बटण दाबले की पुरवठा खरोखर तुटे. विंडोज ९५ आपले काम आवरून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा निरोप देई आणि थांबे. आपली वीज आपणच तोडण्याची सोय तेव्हाच्या बहुतेक यंत्रांत नव्हती. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि पुढचे बटण मदरबोर्डला दिलेला एक इशारा तेवढा उरले. खरा कारभार दोन तारांकडे गेला. हिरवी तार काळ्या तारेशी जोडली गेली की सप्लाय पूर्ण सुरू होतो. जांभळ्या तारेवर मात्र भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत पाच व्होल्टचा दाब अखंड असतो. वाड्यातले सगळे निजल्यावर देवडीवर एक पहारेकरी जागा असावा, तसा हा पाच व्होल्टचा पुरवठा. पुढचे बटण दाबल्याचे कळते ते याच्याच जोरावर, कीबोर्डच्या कळेने यंत्र उठते ते याच्याच जोरावर, आणि नेटवर्कवरून आलेली हाकही यामुळेच ऐकू येते.

झोपेचे नियम याच काळात घडत होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार ही खूण सुरू केली, तेव्हा ती पहिल्यांदा संगणक आणि मॉनिटर यांनाच लागू झाली. त्याच वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही पद्धत आणली. तिच्यात केव्हा झोपायचे याचा बराचसा निर्णय बायोसच्या हाती होता. वर काय काम चालू आहे याची बायोसला फारशी कल्पना नसे. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हा नवा करार जाहीर केला. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमचा, आणि तो अमलात कसा आणायचा याची माहिती मदरबोर्ड बनवणाऱ्याची, अशी वाटणी झाली. बनवणाऱ्याने बायोसमध्ये तक्ते लिहून ठेवायचे, कोणते उपकरण कसे झोपते आणि कशाने उठते ते त्यात सांगायचे. आजचा प्रत्येक घरगुती पीसी या करारावर चालतो, आणि रात्री दोनच्या तक्रारीपासून तापलेल्या लॅपटॉपपर्यंत बरेच काही या वाटणीतून आलेले आहे.

करारात झोपेच्या पायऱ्या आहेत. एस-० म्हणजे जागा. एस-३ म्हणजे रॅम तेवढी जिवंत, बाकी सारे निजलेले. एस-४ म्हणजे रॅममधले सगळे डिस्कवर लिहून पुरवठा तोडलेला, ज्याला आपण हायबरनेट म्हणतो. एस-५ म्हणजे शटडाउन, पण जांभळी तार तेव्हाही जागीच. खरा अंधार होतो तो भिंतीवरचे बटण बंद केल्यावर. तक्रार घेऊन बसण्याआधी आपले यंत्र यातल्या कोणत्या पायरीवर अडते ते ठरवले पाहिजे. एस-३ मधून उठताना काळा पडदा येणे आणि एस-४ मधून उठताना तोच काळा पडदा येणे यांची कारणे वेगळी असू शकतात. विंडोजमध्ये यासाठी एक साधी सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडायचा, पॉवरसीएफजी हा शब्द सलग टाइप करायचा, जागा सोडून तिरकी रेघ आणि ए. आपल्या यंत्राला कोणकोणत्या झोपा येतात आणि कोणत्या येत नाहीत याची यादी समोर येते. येत नसेल तर का येत नाही हेही तिथेच लिहिलेले असते. ही आज्ञा वर्षानुवर्षे विंडोजमध्ये पडून आहे आणि दुरुस्तीच्या काउंटरवर ती क्वचितच वापरली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती मिनिटभराचे काम आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता रात्री दोनची गोष्ट. यंत्र आपोआप उठत नाही, त्याला कुणीतरी उठवलेले असते आणि बहुतेक वेळा त्याची नोंद असते. त्याच पॉवरसीएफजीपुढे तिरकी रेघ देऊन लास्टवेक असे लिहिले तर शेवटची हाक कुणी मारली ते कळते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदवहीत ‘पॉवर ट्रबलशूटर’ नावाची नोंद असते. तिच्यात झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठवणाऱ्याचे नाव अशी तिन्ही माहिती मिळते. उठवणारे नेहमीचे तिघे.

पहिला माऊस. रस्त्यावरून ट्रक गेला, टेबल किंचित हलले, तेवढी हालचालही ऑप्टिकल माऊसला पुरते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या गुणधर्मांत जाऊन ‘या उपकरणाला संगणक उठवू द्या’ ही खूण काढून टाकावी आणि कीबोर्डची ठेवावी. एवढ्यावर पुष्कळ घरांतली तक्रार मिटते.

दुसरे नेटवर्क कार्ड, आणि इथे थोडे थांबायला हवे. दुरून संगणक उठवण्यासाठी ‘मॅजिक पॅकेट’ नावाचा एक ठरावीक निरोप असतो. आधी सहा वेळा एफएफ, मग त्या कार्डाचा पत्ता सोळा वेळा. हा निरोप योगायोगाने तयार होणे जवळजवळ अशक्य, म्हणून ती सुरक्षित सोय आहे. पण काही कार्डे याखेरीज नेहमीच्या नेटवर्क रहदारीतल्या ठरावीक नमुन्यांवरही उठतात. घरात टीव्ही, फोन, प्रिंटर हे एकमेकांची चौकशी करत असतात, आणि त्यातली एखादी चौकशी आपल्यालाच उद्देशून आहे असे कार्ड समजते. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर ‘केवळ मॅजिक पॅकेटनेच उठवा’ अशी खूण असते, ती करावी. सरसकट सगळे बंद करून टाकण्याची गरज नसते.

तिसरा उठवणारा म्हणजे वेळापत्रक. विंडोजच्या स्वयंचलित देखभालीची ठरीव वेळ रात्री दोनची आहे आणि अपडेटनंतरच्या रीस्टार्टसाठीही गजर लावला जातो. वेकटायमर्स ही आज्ञा दिली की लागलेले गजर दिसतात. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत यादीत ‘अलाऊ वेक टायमर्स’ बंद केले की बहुतेक गजर निमूटपणे थांबतात. पण देखभालही व्हायला हवी. म्हणून तिची वेळ दुपारची, यंत्र चालू असण्याची, करून ठेवलेली बरी.

याच्या उलट तक्रार म्हणजे यंत्र झोपतच नाही. तिथे रिक्वेस्ट्स ही आज्ञा उपयोगी पडते. कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर झोपेला अडवून बसला आहे ते ती सांगते. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमधला थांबवून ठेवलेला आवाजाचा प्रवाह यात वारंवार सापडतो. कामाविना चालू राहिलेला डेस्कटॉप ५० वॉट घेतो असे धरले, आणि रोज रात्री दहा तास तो तसाच राहिला, तर महिन्याला १५ युनिट होतात. तोच एस-३ मध्ये ३ वॉटवर निजला तर एक युनिटही भरत नाही.

शटडाउनबद्दल एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय असते. ती चालू असली की शटडाउन दिल्यावर वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मिटतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. रुसलेला ड्रायव्हर तसाच रुसलेला परत येतो. रोज बंद केलेल्या यंत्राचा टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ बारा दिवसांचा दिसतो, त्याचे कारण हे. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने उभे राहते. म्हणून यूएसबीचे किंवा आवाजाचे काही बिनसले तर शटडाउन करून पुन्हा सुरू करण्यापेक्षा रीस्टार्ट द्यावा, किंवा शिफ्टची कळ धरून शटडाउन करावे. एकाच यंत्रात विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच करावे. अर्धवट निजलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिनक्समधून लिहिले तर फायलींची नासाडी होऊ शकते.

आता भिंतीकडे वळू. माझ्या मते महाराष्ट्रातल्या घरांत या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. यंत्र अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाले की विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पडते. ती पाहून लोक घाबरतात. तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी नीट शटडाउन झाले नव्हते. कारण तिच्या तपशिलात शोधावे लागते. तिथे ‘बगचेक’चा आकडा शून्याहून वेगळा असेल तर विंडोजच कोसळले होते. बटणाच्या वेळेची नोंद असेल तर कुणीतरी बटण चार सेकंद दाबून धरले होते. दोन्ही शून्य असतील तर एक तर यंत्र गोठले, किंवा वीज तुटली. ६००८ क्रमांकाची नोंद हे केव्हा घडले ते सांगते. ती वेळ आणि घरातल्या इतर घडामोडी ताडून पाहाव्यात. पाण्याचा पंप सुरू झाला तेव्हा का, शेजारच्या खोलीतला एसी लागला तेव्हा का, लाइट जाऊन आली तेव्हा का.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मराठी मध्यमवर्गाने घरोघर इन्व्हर्टर बसवले. पंखे आणि दिवे हा त्यांचा मुख्य हेतू होता. बऱ्याच इन्व्हर्टरवर मागे किंवा बाजूला एक लहान खटका असतो, एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे लिहिलेला. नॉर्मलमध्ये इन्व्हर्टर बाहेरच्या विजेचे फार मोठे चढउतार, सामान्यपणे १०० ते २९० व्होल्टपर्यंतचे, चालवून घेतो आणि बॅटरीवर जाताना सावकाश जातो. पंख्याला ते जाणवत नाही. संगणकाला जाणवते. पॉवर सप्लायच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरेल एवढीच शिदोरी असते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची, म्हणजे एका पूर्ण लाटेइतकाही धीर त्याच्याकडे नसतो. यूपीएसच्या बाजूला खटका ठेवला की व्होल्टेजची मर्यादा आवळते, सहसा १८० ते २६०, आणि पालट दहा मिलिसेकंदांच्या आसपास होतो. यंत्र तगते.

डोंबिवलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी हेच झाले होते. लाइट गेली की संगणक बसे, म्हणून त्यांनी सांगण्यावरून एसएमपीएस बदलला, मग जास्त वॉटचा घेतला. शेवटी ओळखीचा वायरमन दुसऱ्याच कामाला आला असता त्याने इन्व्हर्टर पुढे ओढून पाहिले. ‘काकू, खटका नॉर्मलवर आहे, याला यूपीएसवर टाकतो,’ एवढेच तो म्हणाला. मेन बंद करून पाहिले, संगणक चालू राहिला. दोन सप्लायचे पैसे मात्र गेले.

टेबलाखालच्या लहान यूपीएसचे गणित वेगळे. ६०० व्हीए असे खोक्यावर मोठ्याने लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात तो ३६० वॉटच्या आसपास देतो. आत १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी असते, आणि आपल्या उन्हाळ्यात ती दोनतीन वर्षांत दम सोडते. दम सोडल्याचे कळत नाही, कारण वीज असेपर्यंत हिरवा दिवा लागलेलाच असतो. दर दोनतीन महिन्यांनी सगळ्या फायली सेव्ह करून भिंतीवरचे बटण मुद्दाम बंद करावे आणि घड्याळ पाहावे. आणखी एक अडचण नव्या सप्लायची आहे. त्यांत बहुधा ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ असते, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर जी पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो ती काही सप्लायना मानवत नाही. यूपीएस चांगला, सप्लायही चांगला, आणि तरी लाइट गेली की यंत्र बंद. अशा वेळी शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागतो.

अर्थिंगचा विषय जुन्या चाळींत आणि वाड्यांत फार महत्त्वाचा आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार पावसाळ्यात कोकणात तर हमखास. पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून धातूच्या पेटीकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग जिवंत असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत निघून जातो. नसेल तर पेटी निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह नगण्य असल्याने सहसा इजा होत नाही, पण अर्थिंग मेलेले आहे हा त्याचा स्पष्ट पुरावा आहे. तेव्हा संगणकाचे काम थांबवून आधी वायरमन बोलवावा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घालणारी अडॅप्टरची पिन तर घरात असूच नये. १९५६ च्या वीज नियमावलीत घरगुती दाबासाठी सहा टक्क्यांची सवलत होती. २३० व्होल्ट धरले तर ती २१६ ते २४४ इतकी येते. गावाकडे संध्याकाळी पंप चालू झाल्यावर मल्टिमीटर लावून पाहावे. न्यूट्रल सैल झाला तर हाच दाब दोन फेजांमध्ये असतो तसा ४०० व्होल्टकडे सरकू शकतो. दिवे एकाएकी फार प्रखर झाले की आधी मेन स्विच पाडावा.

यंत्राच्या आतला म्हातारपणाचा भाग थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा बटण दाबल्यावर काहीच होत नाही, चारपाच वेळा दाबल्यावर सुरू होते, आणि एकदा सुरू झाले की दिवसभर उत्तम चालते. असे असेल तर त्या पाच व्होल्टच्या जागत्या पुरवठ्याचा कपॅसिटर वाळलेला असण्याचा संभव मोठा. हा भाग वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू असतो आणि दर दहा अंश तापमानवाढीला अशा कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. सप्लाय घरी उघडू नये, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब राहतो. तारीख दर वेळी मागे जात असेल तर मात्र मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही तीन व्होल्टची बटणबॅटरी बदलावी, ते काम घरच्या घरी होते.

लॅपटॉपचा तापलेला बॅगेतला प्रकार नव्या काळाचा आहे. विंडोज १० बरोबर ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले आणि हळूहळू पुष्कळ लॅपटॉपमधून एस-३ काढूनच टाकले गेले. झाकण मिटल्यावर असा लॅपटॉप फोनसारखा अर्धवट जागा राहतो, मेल आणतो, अपडेट पाहतो. एखाद्या ड्रायव्हरने त्याला खोल निजू दिले नाही तर बॅगेत हवा नसताना तो तापतो. स्लीपस्टडी ही आज्ञा रात्रीत कोण किती वेळ जागे होते त्याचा अहवाल देते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे झाकण मिटल्यावर हायबरनेट असे ठरवून ठेवणे. उघडताना काही सेकंद जास्त जातात, ते जाऊ द्यावेत. बॅटरीरिपोर्ट या आज्ञेने मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर लॅपटॉप वापरणे ताबडतोब थांबवावे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, कचऱ्याच्या डब्यात ती टाकू नये.

लिनक्स वापरणाऱ्यांचा या प्रश्नाशी जुना झगडा आहे. बायोसमधले तक्ते बनवणारे ते विंडोजवर तपासत आणि यंत्र विकून मोकळे होत. १९९९ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी कंपनीअंतर्गत मेलमध्ये एसीपीआय विंडोजपुरते बांधून ठेवता येईल का, असा विचार मांडला होता. पुढे आयोवा राज्यातल्या खटल्यात तो मेल उघड झाला. ‘समोर कोणती सिस्टिम आहे’ असा प्रश्न तक्ते विचारतात, तेव्हा लिनक्सचा गाभा आजही आपण विंडोज असल्याचे उत्तर देतो, आणि २००७ पासून ‘तू लिनक्स आहेस का’ या प्रश्नाला नकार देतो. हे त्याला नाइलाजाने करावे लागले, कारण खरे उत्तर दिले की न तपासलेला रस्ता उघडे आणि यंत्र झोपेतून उठत नसे.

या सगळ्या देवघेवीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे काम नसताना गोठणारे यंत्र. २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हा ते झोपेत १२ व्होल्टच्या तारेवरून अवघा ०.०५ अँपियर घेत. जुने सप्लाय ०.५ अँपियर तरी जाईल असे धरून बांधलेले होते. इतका कमी भार काहींना कळेचना आणि ते पुरवठा बंद करत. २०१७ मध्ये एएमडीचे रायझेन आले, तेव्हा लिनक्सवर काही यंत्रे भरपूर काम दिले तर दिवसेंदिवस चालत आणि रात्री मोकळी सोडली की गोठत. मदरबोर्डवाल्यांनी नंतर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय दिला. तो ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवला की प्रोसेसर फार खोल निजत नाही आणि बऱ्याच यंत्रांतला त्रास थांबतो. प्रोसेसर, बोर्ड, सप्लाय सगळे धडधाकट असताना हे घडत होते.

हा पर्याय जुन्या बायोसमध्ये दिसत नाही, त्यासाठी नवा बायोस टाकावा लागतो, आणि ते काम दिवसाउजेडी, यूपीएसची बॅटरी तपासून झाल्यावरच करावे. लिहिणे चालू असताना मध्येच वीज गेली तर बोर्ड उठतच नाही. काही मदरबोर्डांवर बायोसची दुसरी प्रत किंवा पेनड्राइव्हवरून थेट लिहिण्याचे बटण असते. ते आहे की नाही हे बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ते अपडेट सुरू करण्यापूर्वी पाहून ठेवावे.